पादचारी-संकेत : आकृती आणि वचन

१

नगरसंस्था नागरिकांशी अनेक परींनी बोलत असते. ठराव, अंदाजपत्रके, करांची बिले, निविदा, जाहीर सूचना ही तिची लिखित भाषा होय. आणि या भाषेचा वाचकवर्ग, कोणी काहीही म्हटले तरी, अल्पच असतो. परंतु तिचा एक मजकूर असा आहे की, ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याने जन्मात एकही ठराव वाचलेला नाही, त्यालाही तो दिवसातून अनेकदा वाचावा लागतो. रस्त्याच्या कडेला खांबावर असलेला पादचाऱ्यांचा लाल-हिरवा दिवा आणि त्याच्यासमोर डांबरावर आखलेले पांढरे पट्टे, हा तो मजकूर. इतर मजकूर चुकीचा वाचला तर दंड भरावा लागतो किंवा कचेरीची एक खेप फुकट जाते. हा मजकूर चुकीचा वाचला, किंवा बरोबर वाचूनही त्यावर नको तेवढा विश्वास टाकला, तर प्राणाशी गाठ पडते. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. हे सर्व मृत्यू दिव्यांच्या जागी घडले असे अर्थातच नव्हे. तथापि पायी चालणाऱ्याला रस्ता केव्हा आणि कोठे ओलांडता येईल हे सांगणारी व्यवस्था काय योग्यतेची आहे, हा प्रश्न या आकड्यांमुळे केवळ अभियंत्यांचा राहत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण उघड आहे. दिवा व पट्टे ही चिन्हव्यवस्था आहे. तिला वक्ता आहे, श्रोता आहे, व्याकरण आहे, आणि ती केवळ माहिती देत नाही तर आज्ञा, अनुज्ञा व निषेध करते. अशा व्यवस्थेची समीक्षा वाङ्मयीन कृतीच्या समीक्षेइतकीच शिस्तीने करता येते. प्रस्तुत लेखात मुंबई महापालिकेच्या एका प्रयोगापासून आरंभ करून तशी समीक्षा करण्याचे योजिले आहे.

२

ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महापालिकेने जी-उत्तर विभागात, म्हणजे दादर-माहीमच्या परिसरात, तेरा चौकांतील सुमारे १२० पादचारी-संकेतांवरची आकृती बदलली. तोपर्यंत तेथे पुरुषाची मानली जाणारी आकृती होती. तिच्या जागी त्रिकोणी घेराच्या वेषामुळे ओळखू येणारी स्त्रीची आकृती आली. लाल दिव्यात ती उभी आहे, हिरव्या दिव्यात ती चालते आहे. भारतात असे प्रथमच घडत आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले व वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. परदेशांत याची उदाहरणे आधीची आहेत. जर्मनीतील झ्विकाउ या गावी २००४ मध्ये स्त्री-आकृतीचा दिवा लागला होता. मेलबर्न शहरात २०१७ च्या मार्चमध्ये एका चौकात अशा दहा आकृती प्रायोगिक म्हणून बसविण्यात आल्या होत्या.

या प्रयोगाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली. आम्हांस ती थट्टा अप्रस्तुत वाटते. त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांच्या परंपरेत भाषेतील जोड्यांचा विचार करताना एक घटक अचिह्नित व दुसरा चिह्नित मानला जातो. अचिह्नित घटक दोघांसाठी चालतो, चिह्नित घटक एकासाठीच. 'पादचारी आला की वाहन थांबवावे' या वाक्यातील पुल्लिंगी क्रियापद स्त्रीलाही लागू असते, असे आपण गृहीत धरतो. दिव्यावरची पुरुषाकृती त्याच अचिह्नितपणाचा लाभ घेत होती. तिच्या जागी स्त्रीची आकृती ठेवताच ही सवय सवय म्हणून दिसू लागते. डोळ्यांआड झालेले गृहीत डोळ्यांसमोर येते. चिन्हाच्या बाबतीत एवढे घडणे हीसुद्धा काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मात्र या यशाच्या मर्यादाही त्याच कसोटीने पाहिल्या पाहिजेत. स्त्रीची ओळख पटविण्यासाठी जो घेरदार झगा योजिला आहे, तो परदेशांतील स्वच्छतागृहांच्या दारावरून आलेला आहे. दादरच्या बाजारात भाजी घेऊन निघालेली बाई नऊवारीत, सहावारीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असते. म्हणजे तिच्या नावाने उभे केलेले चिन्ह तिच्या रूपावरून घेतलेले नाही. दुसरे असे की, मराठीला तिसऱ्या लिंगाचे साधन उपलब्ध आहे. 'राम आले', 'सीता आली', पण 'राम आणि सीता ही दोघे आली'. मिश्र समूहासाठी आपली भाषा सहजपणे नपुंसकलिंगाचा आश्रय घेते. पुरुष व स्त्री यांपैकी कोणाचीच खूण अंगावर न बाळगणारी आकृती काढणे हा या भाषेच्या वळणाला अधिक जवळचा मार्ग झाला असता.

या संदर्भात पूर्व बर्लिनच्या दिव्यातील टोपीवाल्या माणसाचे उदाहरण उद्बोधक आहे. वाहतुकीच्या मानसशास्त्राचे अभ्यासक कार्ल पेग्लाउ यांनी ही आकृती १९६१ मध्ये सुचविली. आकृती रुंद व ठसठशीत असावी, म्हणजे प्रकाशाचे क्षेत्र वाढून ती दुरून व मंद दृष्टीच्या माणसासही दिसेल, आणि मुले व वृद्ध यांना ती आपलीशी वाटेल, असा त्यांचा हेतू होता. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यावर ही आकृती काढून टाकण्याचे घाटत होते. लोकांनी विरोध करून ती राखली. येथे रूपातील बदल अर्थग्रहणासाठी केलेला होता. दादरमधील बदल प्रतिनिधित्वासाठी होता. दोन्ही हेतू योग्य असू शकतात. परंतु ते एक नव्हेत. पहिल्याने संकेत अधिक वाचनीय झाला. दुसऱ्याने संकेताचा विषय बदलला, वाक्य होते तेच राहिले. तेव्हा आता त्या वाक्याकडेच वळले पाहिजे.

३

वाक्यातून अर्थ निष्पन्न होण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्याकडील न्याय व मीमांसा या शास्त्रांनी सांगितले आहे. पदांना परस्परांची अपेक्षा असली पाहिजे. त्यांचा अन्वय वस्तुस्थितीत संभवनीय असला पाहिजे. आणि ती एकमेकांजवळ उच्चारली गेली पाहिजेत. रस्त्यावरचे वाक्य या तीन कसोट्यांना लावून पाहिले असता त्यातील दोषांचे वर्गीकरण आपोआप होते.

पट्टे हे एक पद होय. दिवा हे दुसरे. वाहनांना थांबण्यासाठी आखलेली आडवी रेषा हे तिसरे. आणि पदपथाचा उतरता काठ हे चौथे. नुसते पट्टे आखलेले असून दिवाही नाही आणि वाहनाने थांबावे असे सांगणारे काहीच नाही, अशा जागी आकांक्षा अपुरी राहते. वाक्य 'येथून ओलांडा' एवढ्यावर तुटते. 'कारण तेथे वाहन थांबणार आहे' हा उत्तरार्ध येतच नाही. ब्रिटनमध्ये १९५१ साली झेब्रा पट्टे कायद्याने आले तेव्हा पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या माणसाला वाहनाने वाट दिलीच पाहिजे, हा नियम त्यांच्याबरोबर होता. १९३४ पासूनचे नारिंगी गोल दिवेही दोन्ही कडांना होते. आपण पट्टे घेतले. त्यांच्यासह येणारा उत्तरार्ध मात्र कागदावरच राहिला. एखादा शब्द परभाषेतून येताना अर्थ मागे ठेवून येतो, तसेच हे झाले.

योग्यतेचा अभाव म्हणजे 'अग्नीने शिंपतो' यासारखे वाक्य. पदे शुद्ध, रचना शुद्ध, पण अर्थ संभवतच नाही. पट्टे सुरू होतात आणि मधल्या दुभाजकाच्या लोखंडी कठड्याशी संपतात. किंवा पट्ट्यांच्या पलीकडच्या टोकाला पदपथावर विजेची पेटी किंवा पक्की टपरी उभी असते. असे पट्टे आपल्या शहरांतून पाहण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. ते आखणाऱ्याने नियम पाळला, परंतु जे सांगितले ते करता येणे शक्य नाही.

सन्निधीचा दोष अधिक सूक्ष्म आहे. दिवा एका कोपऱ्यावर, पट्टे तेथून वीस पावलांवर, आणि माणसे प्रत्यक्षात ज्या जागी ओलांडतात ती जागा तिसरीच. पदे आहेत, पण ती एकत्र उच्चारलेली नाहीत. अशा ठिकाणी पायी चालणारा चुकीच्या जागेवरून जातो असे म्हणण्यापेक्षा वाक्याची पदे चुकीच्या जागी पडली आहेत असे म्हणणे न्याय्य होईल. कारण बसथांबा, शाळा, मंडई व स्थानक यांच्यामधली वाट माणसे आधी पाडतात, आखणी मागाहून होते.

४

आता दिव्याच्या क्रियापदाकडे येऊ. क्रियापदाला काळ असतो आणि या वाक्यात तर काळ अक्षरशः सेकंदांनी मोजलेला असतो. पादचारी दर सेकंदाला १.२ मीटर चालतो असे गृहीत धरून हा काळ ठरविण्याचा अभियंत्यांचा प्रघात आहे. साडेतीन मीटर रुंदीच्या सहा मार्गिका, म्हणजे २१ मीटरचा रस्ता घेतला, तर या हिशेबाने ओलांडण्यास साडेसतरा सेकंद लागतात. परंतु गुडघेदुखीचा वृद्ध, गरोदर स्त्री, कडेवर मूल व हातात पिशवी असलेली आई ही सारी त्या वेगाने चालत नाहीत. त्यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर त्याच रस्त्यास सव्वासव्वीस सेकंद लागतील. साडेसतरा सेकंद संपतील तेव्हा ती १४ मीटरवर असतील आणि दोन मार्गिका पुढे उरलेल्या असतील. अमेरिकेतील संकेतविषयक नियमपुस्तिकेने २००९ मध्ये हा गृहीत वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. वरवर पाहता हा अर्ध्या फुटाचा फरक. वस्तुतः 'पादचारी' या शब्दाच्या व्याख्येत कोण येते, हे त्या अर्ध्या फुटाने ठरते.

दादरच्या प्रयोगाचा खरा कस येथे लागतो. आकृतीत स्त्री आली. परंतु वाक्याच्या काळात ती आली काय? वेग १.२ मीटरच धरलेला असेल, तर झग्यातली ती आकृती एकट्या, सडसडीत, रिकाम्या हातांच्या तरुणाच्या गतीने चालते आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्यय बदलला, धातू तोच राहिला. स्त्रीला वाक्याचा कर्ता करावयाचे असेल तर तिच्या पिशवीचे, मुलाचे आणि वयाचे वजन सेकंदांत उतरविले पाहिजे. हे काम वृत्तपत्रात छापून येण्याजोगे नाही. दिव्याच्या पेटीतील आकडा बदलला आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारही नाही, त्याच्या पायांना मात्र ते कळेल.

काळाशी निगडित असा आणखी एक दोष आहे. हिरवा दिवा संपण्यापूर्वी तो काही क्षण लुकलुकतो. त्याचा शास्त्रोक्त अर्थ असा की, जो रस्त्यात आहे त्याने ओलांडणे पुरे करावे आणि जो काठावर आहे त्याने निघू नये. म्हणजे एकच चिन्ह दोन श्रोत्यांना परस्परविरुद्ध आज्ञा करते. काव्यात श्लेष हा अलंकार आहे, आज्ञेत तो दोष होय. काठावरचा माणूस तो 'त्वरा कर' असा वाचतो व धावत सुटतो. आणि यात त्याचे फारसे चुकत नाही, कारण लुकलुकणे हे घाईचे चिन्ह आहे असे त्याला इतरत्र सर्व ठिकाणी शिकविलेले असते. उरलेले सेकंद आकड्यांनी दाखविणारे दिवे जेथे आहेत तेथे हा श्लेष पुष्कळ अंशी सुटतो. माणसाला आकडा दिला की तो आपल्या पायांचा हिशेब स्वतः करतो.

५

आतापर्यंत आपण धरून चाललो की श्रोत्याला दिसते. ज्याला दिसत नाही त्याच्याशी हा संकेत बोलतच नाही. अपंग व्यक्तींसंबंधीच्या १९९५ च्या केंद्रीय कायद्याच्या ४५ व्या कलमात, दृष्टिहीनांसाठी लाल दिव्यांच्या जागी ध्वनिसंकेत बसवावेत आणि झेब्रा पट्ट्यांच्या पृष्ठभागावर त्यांना जाणवेल अशी खोदणी करावी, असे स्पष्ट सांगितले होते. परंतु त्याच कलमाच्या आरंभी शासन व स्थानिक संस्था यांनी हे आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत करावे, असा वाक्यांश होता. कायद्याच्या भाषेत अशा वाक्यांशाचे कार्य काय असते हे अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. मुख्य वाक्य विधी सांगते आणि उपवाक्य त्या विधीला ऐच्छिक करून सोडते. पुढे २०१६ च्या नव्या कायद्याने १९९५ चा कायदा रद्द केला आणि ४१ व्या कलमात सुगम्य रस्त्यांची तरतूद केली. परंतु मधल्या एकवीस वर्षांत जो दृष्टिहीन माणूस चौकात उभा राहिला, त्याला तो उपवाक्याचा अर्थ दररोज समजत होता.

संकेत केवळ डोळ्यांसाठी नसावा याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. ब्रिटनमधील पुष्कळ ठिकाणी पादचाऱ्यासाठी असलेल्या बटणाच्या पेटीखाली एक लहानसा शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो फिरतो. बोट लावून उभा असलेल्या माणसाला, तो अंध असो वा अंध-बधिर असो, वाट मोकळी झाल्याचे स्पर्शाने कळते. तेथेच काही ओलांडण-जागी असे यंत्र आहे की, पट्ट्यांवर कोणी अजून चालत असल्यास ते त्याची दखल घेऊन वाहनांचा लाल दिवा थोडा अधिक काळ चालू ठेवते. हा फरक साधनांच्या श्रीमंतीचा आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. पहिल्या प्रकारचा संकेत एकभाषिताप्रमाणे असतो. तो ठरलेले वाक्य ठरलेल्या वेळी उच्चारतो व ऐकणारा आहे की नाही हे पाहत नाही. दुसरा संवाद करतो. नगरसंस्थेचे नागरिकाशी नाते कोणत्या प्रकारचे असावे, या मोठ्या प्रश्नाची ही लहानशी प्रतिमा होय.

६

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या शहरांतील पादचारी बेशिस्त आहे, तो दिवा पाहत नाही, वाटेल तेथून रस्ता ओलांडतो, असे नेहमी म्हटले जाते. या म्हणण्यात असे गृहीत आहे की, त्याला संकेतांची भाषा येत नाही किंवा येत असून तो तिचा अनादर करतो. आमच्या मते ही उपपत्ती चुकीची आहे.

पादचाऱ्याचा हिरवा दिवा हा विधी नव्हे, ती अनुज्ञा आहे. 'जा' असे तो सांगत नाही. 'जाता येईल' असे सांगतो. परंतु ही अनुज्ञा सार्थ होण्यासाठी त्याच क्षणी वाहनचालकाला निषेध झालेला असला पाहिजे. एकाची अनुज्ञा हा दुसऱ्याचा निषेध आहे. नाण्याची एकच बाजू पाडता येत नाही. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत दाखवून दिले की, काही वाक्ये वर्णन करीत नसून कृती करतात, आणि अशा वाक्यांच्या बाबतीत 'खरे की खोटे' यापेक्षा 'साधले की फसले' हा प्रश्न योग्य असतो. हिरवी आकृती हे अशा प्रकारचे वचन आहे. नगरसंस्था म्हणते, 'एवढे सेकंद तुझ्या वाटेवर वाहन येणार नाही.' आता ज्या चौकात डावीकडे वळण्यास वाहनांना सदैव मोकळीक आहे, अथवा समांतर रस्त्याचा हिरवा दिवा व पादचाऱ्याचा हिरवा दिवा एकाच वेळी लागून वळणारी वाहने थेट पट्ट्यांवर येतात, तेथे हे वचन देतानाच मोडलेले असते. वळणाऱ्या चालकाने थांबावे हा नियम आहे, परंतु दिवा त्याला तसे सांगत नाही. तो त्यालाही हिरवाच दिसतो.

न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताच्या शब्दाला, म्हणजे यथार्थ जाणून यथार्थ सांगणाऱ्याच्या शब्दाला. वक्ता आप्त नाही असा अनुभव वारंवार आला की श्रोता शब्दप्रमाण सोडून प्रत्यक्षाकडे वळतो. आपला पादचारी नेमके हेच करतो. तो दिव्याकडे पाहत नाही, येणाऱ्या वाहनाकडे पाहतो. चालकाच्या डोळ्यांकडे पाहतो. हात वर करतो. चार माणसे जमली की त्यांच्यासह उतरतो. हिरव्यावर विश्वासून एकदा जीव धोक्यात आला आणि लाल असताना वाट रिकामी पाहून सुखरूप पार झालो, असे दोन्ही अनुभव गाठीशी असलेला माणूस दिव्याला प्रमाण मानील तर तो मूर्ख ठरेल. तेव्हा ज्याला आपण बेशिस्त म्हणतो, ते पुष्कळदा वक्त्याच्या आप्तत्वाविषयी श्रोत्याने दिलेले मत असते. त्यात निष्काळजीपणा मुळीच नसतो असे नव्हे. परंतु त्याचे निदान निरक्षरता हे नसून अविश्वास हे आहे, आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. निरक्षरतेवर 'रस्ता सुरक्षा सप्ताह' हा उपाय होऊ शकेल. अविश्वासावर वचन पाळणे हाच.

याला लोकभाषेचा पुरावा आहे. मराठीत 'सिग्नल लागला' म्हणजे वाहनांना लाल दिवा लागला. 'सिग्नल सुटला' म्हणजे वाहने सुटली. रस्त्याच्या कडेला उभा असलेला पादचारीही 'सिग्नल लागू दे, मग जाऊ' असेच म्हणतो. म्हणजे स्वतःला मिळालेल्या अनुज्ञेसाठी त्याच्याजवळ शब्दच नाही. दुसऱ्याला झालेल्या निषेधाचे नाव तो आपल्या हक्काला देतो. 'सिग्नल तोडला' हेही आपण सहसा वाहनाविषयी बोलतो. 'वाहतूक' हा शब्दही पाहावा. तो वाहण्याशी, म्हणजे वाहून नेण्याशी जोडलेला आहे. जो स्वतःच्या पायांनी स्वतःला नेतो तो या शब्दात मावत नाही. 'वाहतूक सुरळीत केली' या वाक्यात पायी चालणारा सुरळीत झाला की नाही हे कोणी विचारत नाही. आणि 'ओलांडणे' हे क्रियापद उंबरा, नदी व मर्यादा यांच्याशी येते. रस्ता ओलांडणे यात कोणाच्या तरी हद्दीत शिरल्याची छटा राहते. भाषा समाजाला घडविते असे आम्ही म्हणत नाही. परंतु समाजाने रस्त्याचा मालक कोणाला मानले आहे याची साक्ष ती देते.

७

वचन कोणाचे, हा प्रश्न यातून उद्भवतो. मुंबईत दिवे उभारण्याचे व त्यांच्या देखभालीचे काम महापालिकेकडे, तर त्यांचे दैनंदिन संचालन वाहतूक पोलिसांकडे आहे. पट्टे, पदपथ, विजेच्या पेट्या व खोदकाम यांसाठी निरनिराळी खाती आहेत. एका वाक्याची पदे निरनिराळ्या मुखांतून निघावीत आणि त्यांचा एकमेकांशी विचारविनिमय असेलच असे नाही, ही स्थिती विवक्षेच्या दृष्टीने विचित्र होय. तिचे प्रतिबिंब प्रशासकीय मराठीत पडलेले आहे. 'पट्टे आखण्यात आले आहेत', 'दिवे कार्यान्वित करण्यात येत आहेत', 'कार्यवाही करण्यात येईल' या रचनेत कर्ता नाही. कर्मणी व भावे प्रयोग हे मराठीचे वैभव आहे. परंतु कर्त्याला लपविण्यासाठी त्यांचा असा अखंड उपयोग झाला की नागरिकाला तक्रार कोणत्या पदाला जोडावी हे कळेनासे होते.

अलीकडच्या कायद्याने मात्र कर्ता वाक्यात आणला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८-अ हे कलम असे सांगते की, रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांतील विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारसंस्था, कंत्राटदार अथवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. रक्कम अल्प आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने बदल मोठा आहे. 'अपघात झाला' या अकर्तृक वाक्याच्या जागी 'अमुकाने मानक पाळले नाही' हे सकर्तृक वाक्य शक्य झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरील हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हक्क म्हटला की कर्तव्य आले आणि कर्तव्य म्हटले की कर्ता आला.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. पायी चालणाऱ्याविषयी नगरसंस्थेने स्वतंत्र मजकूर लिहावा हे स्वागतार्ह होय. तथापि धोरण आणि चौकातील दिवा हे दोन मजकूर आहेत, व नागरिक दुसराच वाचतो. पहिल्याचे मूल्य दुसऱ्यात किती उतरले यावरूनच ठरेल.

८

या विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे. पादचाऱ्यांना अधिक सेकंद दिले व वळणे रोखली तर वाहनांची कोंडी वाढेल, आणि त्या कोंडीत बसगाड्या व रुग्णवाहिकाही असतील. हा आक्षेप खोटा नाही. चौकातील काळ हे वाटून घेण्याचे द्रव्य आहे आणि एकाला दिले तर दुसऱ्याचे कमी होते. परंतु त्या आक्षेपात एक गणित अर्धेच मांडलेले असते. वाहनाचा खोळंबा मोजला जातो. काठावर उभ्या असलेल्या माणसांचा खोळंबा मोजला जात नाही. बसमधला उतारू बसमधून उतरताच पादचारी होतो, हेही त्या गणितात येत नाही. दोन्ही बाजू मोजून मग वाहनांना अधिक काळ द्यावा असे ठरले, तर तो निदान विचारपूर्वक केलेला निर्णय असेल. आणि मग तेथे हिरवी आकृती दाखवून खोटे वचन देण्यापेक्षा, अपुऱ्या काळात अर्धाच रस्ता ओलांडता येईल हे मान्य करून मधल्या दुभाजकावर उभे राहण्यास सुरक्षित जागा करणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

दादरच्या प्रयोगाविषयीचा आमचा अभिप्राय आता थोडक्यात सांगता येईल. त्या प्रयोगाने एक गृहीत उघडे केले, याबद्दल तो आदरास पात्र आहे. परंतु त्याचा विषय आकृती हाच होता. काळ, क्रम, ध्वनी, स्पर्श आणि वळणाऱ्या वाहनांचा निषेध हे त्याचे विषय नव्हते. ज्या स्त्रीचे चित्र तेथे लागले तिला त्या चित्राखालून सुखरूप पलीकडे जाण्यास जे जे लागते, ते या दुसऱ्या यादीत आहे. तेव्हा पुढील कोणत्याही नगरसंस्थेच्या अशा प्रयोगाची परीक्षा पाच प्रश्नांनी व्हावी, असे सुचवावेसे वाटते. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुरेल एवढा काळ आहे काय? त्या काळात पट्ट्यांवर येऊ शकणाऱ्या प्रत्येक वाहनाला लाल दिवा आहे काय? ज्याला दिसत नाही त्याला हे वाक्य कळते काय? पट्ट्यांची दोन्ही टोके मोकळ्या पदपथावर उघडतात काय? आणि यांपैकी एखादे उत्तर नकारार्थी आले, तर ज्याला जाब विचारावा त्या अधिकाऱ्याचे पद त्या खांबावर लिहिलेले आहे काय?

हे प्रश्न चौकाच्या काठावर उभे राहून, हातात घड्याळ व मोजपट्टी घेऊन कोणासही तपासता येतील. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी शहरातील दहा चौकांची अशी वाक्यमीमांसा करून ती नगरसंस्थेकडे पाठविली, तर उपयोजित भाषाशास्त्र या नावाला थोडा अर्थ येईल, आणि नगरसंस्थेलाही तिचा सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर कोठे कोठे अशुद्ध आहे हे कळेल.